भाऊजींचा अर्ज मी भरला

आमच्या घरात दोन माणसं एकाच दिवशी जन्मली, एकाच पातेल्यातलं जेवली आणि जवळजवळ सारखीच वाढली. जगानं त्यांना शब्द मात्र वेगवेगळे दिले. माझे दीर एकशे चौसष्ट किलोंचे आणि त्यांची जुळी बहीण, म्हणजे माझी नणंद, एकशे तीस किलोंची. भाऊजींना लोक म्हणायचे भारदस्त. ताईंना म्हणायचे सुटलेली.

मी लग्न होऊन आले तेव्हा दोघं सत्ताविशीत होते. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलाशी मला या घराची रीत कळली. सासूबाईंच्या हातातला डाव भाऊजींच्या ताटात उलटा व्हायचा, "घे रे, बाप्या माणसाचं जेवण आहे," आणि तोच डाव ताईंच्या ताटावरून तसाच माघारी जायचा, "पुरे गं आता." सासूबाई वाईट नव्हत्या. लेकीच्या काळजीनंच त्या हात आखडता घ्यायच्या आणि लेकाच्या मायेनं सैल सोडायच्या. ताई मान खाली घालून उठायच्या. भाऊजी पोटावर थाप मारून म्हणायचे, "वहिनी, हे माझं हेड ऑफिस. बाकीच्या सगळ्या शाखा."

दोघं एकमेकांना नावानं हाक मारायचे नाहीत. भाऊजी ताईंना "जुळे" म्हणायचे, ताई त्यांना "जुळ्या". भाऊजी दहा मिनिटांनी मोठे. त्यावरून वाद निघाला की म्हणायचे, "मी आधी बाहेर पडलो म्हणून तुला हातपाय हलवायला जागा मिळाली. उपकार मान."

ताई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायच्या. पुढे गिऱ्हाइकांसमोर बसवायला मालक तयार नव्हता. आडवळणानं का होईना, पण त्यानं ते सांगितलं होतं. भाऊजी बसस्थानकावर निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, हे दिवसभर माईकवरून सांगायचं. आवाज असा, की लोक गाडी चुकली तरी ऐकत उभे राहतील. वरच्या मजल्यावर त्यांची काचेची केबिन होती. स्थानकावर त्यांना सगळे टेम्पो म्हणायचे. चहावाल्यापासून आगारप्रमुखापर्यंत कोणीही यावं, एक टपली मारावी, आणि टेम्पोनं स्वतःवरच एक विनोद करून त्याला हसवून पाठवावं. घरी येऊन ते त्यांतले चार-दोन आम्हाला ऐकवायचे. आम्ही हसून लोळायचो. हो, मीही.

दोघांचीही लग्नं झाली नाहीत. ताईंसाठी आलेली माणसं चहा पिऊन जायची आणि मग निरोप यायचा. त्या प्रत्येक निरोपानंतर ताई दोन दिवस खोलीबाहेर येत नसत. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, सगळे दबक्या पायांनी वावरायचे. भाऊजींनाही नकार येत. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणायचे, "बरं झालं बाई. बिचारीला निजायला जागा कुठे उरली असती?" आणि विषय संपायचा. मला वाटायचं, किती हलकं मन आहे या माणसाचं. एवढ्या जड शरीरात एवढं हलकं मन!

चाळिशीला आल्यावर डॉक्टरांनी दोघांनाही निर्वाणीचं सांगितलं. ताईंचे गुडघे गेले होते आणि भाऊजींचा झोपेत श्वास अडकायचा. जठर लहान करायचं ऑपरेशन असतं, ते करून घ्या, नाहीतर पुढची दहा वर्षं आमच्या हातात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी ठरवलं, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या खाटांवर. भाऊजी म्हणाले, "एकदम आलो, एकदम कापून घेऊ." ताई कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसल्या. त्यांनी तर बारीक झाल्यावर काय काय करायचं, याची यादीसुद्धा मला सांगितली. पहिली गोष्ट अशी, की रिक्षात बसताना रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

ऑपरेशनआधी इस्पितळातून दोन अर्ज आले. शरीराचे नाही, मनाचे. उदास वाटतं का, झोप लागते का, लपून खाता का, स्वतःची किळस येते का, असे तीसेक प्रश्न आणि पुढे चार रकाने: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, रोज. ज्याच्या खुणा "रोज"कडे जास्त, त्याच्या मनावर आधी इलाज करायचा आणि मगच सुरी लावायची, असा त्यांचा नियम होता, आणि चांगला नियम होता.

घरातलं लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे. शाळेचे अर्ज, विजेच्या तक्रारी, सगळं मी भरते. अक्षर चांगलं आहे आणि कॉलेज शिकलेली सून आहे, तेव्हा हेही माझ्याकडे आलं.

ताईंचा अर्ज मी दुपारी भरला. घरात कोणी नव्हतं, तरी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. असल्या गोष्टी बायका दार लावूनच बोलतात. मी एकेक प्रश्न वाचला आणि थांबले. पहिल्या दोन प्रश्नांना त्या "काही नाही हो" म्हणाल्या. तिसऱ्याला त्यांचा बांध फुटला. दीड तास आम्ही तिथे ओट्याला टेकून बसलो होतो. त्या आंघोळ दिवा बंद करून करतात, हे मला तेव्हा कळलं. जेवायच्या टेबलावर न मिळालेलं अन्न त्या घर रिकामं झालं की उभ्यानं, गार, पातेल्यातूनच खातात, आणि मग स्वतःला शिव्या देतात. मी "रोज"च्या रकान्यात खुणा करत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "वहिनी, कधी कोणी असं ओळीनं विचारलंच नव्हतं."

भाऊजींचा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला. दिवाणखान्यात. टीव्ही चालू, सासूबाई खुर्चीत, आमचे हे वर्तमानपत्र घेऊन, माझी दोन्ही मुलं जमिनीवर, ताई दाराशी. पुरुष माणसाला कुठे आत नेऊन विचारायचं? तसं काही माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"भाऊजी, झोप लागते का?"

"मला लागते. पलंगाला लागत नाही."

मुलं खिदळली. हे म्हणाले, "लिही, काही त्रास नाही."

"उदास वाटतं का?"

"जेवण संपल्यावर."

"काहीतरीच तुझं! माझ्या लेकाला कसली आलीय उदासी? घरभर हसवत असतो," सासूबाई म्हणाल्या.

"लपून खाता का?"

"लपू कुठे वहिनी? माझ्या मागे बस लपेल. मी कशामागे लपू?"

आता तर ताईही हसत होत्या. मी खुणा करत होते: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. पेन कसं सरसर चाललं होतं. अठ्ठाविसावा प्रश्न होता, जगण्याचा कंटाळा येतो का. भाऊजींनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, तोंडाला लावला, आणि बराच वेळ लावूनच ठेवला. मग खाली ठेवून म्हणाले, "ते या खुर्चीला विचारा. तिला येत असेल." सगळे हसले. मी खूण केली. वीस मिनिटांत अर्ज हातावेगळा झाला.

इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी अर्ज वाचले, मग दोघांना आळीपाळीनं आत बोलावलं. ताई तासाभरानं डोळे पुसत बाहेर आल्या. भाऊजी आत गेले आणि पाच मिनिटांत आतून बाईंच्याच हसण्याचा आवाज आला. निकाल असा, की भावाची मनाची तयारी उत्तम, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. बहिणीला आधी सहा महिने मनाच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, मग बघू.

घरी पोचल्यावर चपला काढता काढता ताई म्हणाल्या, "खरं बोलले, म्हणून नापास झाले."

"अगं, मी पुढे जाऊन रस्ता बघून येतो. खड्डे असले तर सांगतो, मग तू ये," भाऊजी म्हणाले.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पाच महिन्यांत भाऊजींचं पंचावन्न किलो वजन उतरलं. गल्लीतले लोक थांबवून अभिनंदन करायचे. स्थानकावर टेम्पोची सायकल झाली म्हणून पेढे वाटायला लावले, ते त्यांनी वाटले आणि स्वतः पाणी प्यायले. शिंप्यानं सगळ्या शर्टांना आतून दोन दोन वेळा टीप घातली.

आणि घरात काय झालं, ते आम्हाला दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. भाऊजींचं जेवण आता चार चमचे. सासूबाई लहान वाटी समोर ठेवायच्या, ती तीन मिनिटांत संपायची. पूर्वी जेवणाचं टेबल ही त्यांची रंगभूमी होती. आता आमची जेवणं चालू असताना ते रिकाम्या वाटीसमोर बसायचे आणि त्यांच्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचायचं नाही. त्यांचे सगळे विनोद त्या शरीरावरचे होते. शरीर गेलं आणि भांडवलच गेलं. एकदा त्यांनी जुन्या सवयीनं पोटावर थाप मारली. तिथे सैल कातडी होती, आवाजच आला नाही. माझा धाकटा हसला. भाऊजी उठून गॅलरीत गेले.

ताई मात्र या काळात दर गुरुवारी मनाच्या डॉक्टरांकडे जात होत्या. किलोनं फारशा उतरल्या नाहीत, पण ताठ बसायला लागल्या. एक दिवस सासूबाईंचा डाव ताटावरून माघारी निघाला, तेव्हा त्यांनी शांतपणे तो मनगटाशी धरला आणि म्हणाल्या, "आई, मला भूक आहे." सासूबाईंनी वाढलं.

त्याच आठवड्यात ताई मला म्हणाल्या, "वहिनी, जुळ्याचं काहीतरी बिनसलंय. मी ज्या खोलीत होते ना, त्या खोलीचा वास येतोय त्याला." त्यांनी भावालाही विचारलं, माझ्याबरोबर येतोस का गुरुवारी? भाऊजी म्हणाले, "छे गं. ते बायकांचं असतं."

मग तो मंगळवार. दुपारची गर्दीची वेळ. भाऊजींनी एका गाडीची घोषणा केली आणि माईक बंद करायला विसरले. मिनिटभर काहीच नाही. मग सबंध स्थानकावर, सगळ्या फलाटांवर, एका माणसाच्या रडण्याचा आवाज आला. हुंदके नाहीत, ओरडणं नाही. दाबून ठेवलेलं, नाकातून येणारं रडणं. लोकांना आधी वाटलं, यंत्र बिघडलं. झाडणाऱ्या मावशी वर धावल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. भाऊजींना रिक्षात घालून घरी घेऊन आल्या त्याच.

स्वयंपाकघरात त्यांना पाणी देताना मी विचारलं, "मावशी, असं कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "बाई, आज लोकांनी ऐकलं एवढंच. मी बारा वर्षं बघतेय. त्या केबिनचं दार अरुंद आहे. आडवं होऊन शिरावं लागायचं त्यांना, शर्ट घासायचा चौकटीला. ते कोणी बघू नये म्हणून सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळे गेल्यावर निघायचे. दुपारी पडदा ओढून तीन-तीन डबे खायचे आणि रडायचे. खाता खाताच. मग तोंड धुवायचे आणि पडदा सारून पहिल्या येणाऱ्याला विनोद सांगायचे."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? पुरुष माणूस. त्यांची झाकली मूठ मी कशी उघडू?"

आमचे हे बाहेर भावाला समजावत होते, "अशक्तपणा आहे रे, दुसरं काय? टॉनिक घे. आणि असं चारचौघांत नाही रडायचं. लोक काय म्हणतील?" चांगल्या मनानंच म्हणत होते. वडील गेले तेव्हा हे स्वतः न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, मला माहीत आहे.

ताईंनी आपल्या गुरुवारच्या वेळेवर भावाचं नाव घातलं. "माझी वेळ तुझी," म्हणाल्या. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. पण बुधवारी सकाळी दात घासताना ते खाली कोसळले.

इस्पितळात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, हे काही खात होते की नाही? ऑपरेशननंतर जन्मभर ज्या गोळ्या घ्यायच्या असतात, त्या घेत होते का? घरी येऊन मी त्यांचं कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचून ठेवलेली, एकही फोडलेलं नाही. ते चार चमचेही, माझी मुलगी म्हणाली, काका कधी कधी रुमालात घेऊन गॅलरीतल्या कुंडीत टाकायचे. "मला वाटलं, पक्ष्यांना देतात."

अंगात प्रतिकाराची ताकदच उरली नव्हती. छातीत जंतुसंसर्ग झाला. ताई तीन दिवस खाटेजवळून हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांना बळेच आंघोळीला पाठवलं आणि खुर्ची ओढून बसले. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी दार लावून घेतलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "उदास वाटतं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मला वाटलं, आता विनोद येणार. मी हसायचं नाही असं ठरवूनच बसले होते. मी तशीच बघत राहिले. विनोद आला नाही.

"किती वर्षांपासून, ते विचारा," ते म्हणाले.

थांबत थांबत, मध्ये मध्ये नळीतून श्वास घेत बोलले. शाळेत जुळीला मुली चिडवायच्या आणि ती रडायची, म्हणून तिला सगळे जवळ घ्यायचे. त्यांना मुलं चिडवायची तेव्हा त्यांनी रडून बघितलं, तर जास्त मार पडला. हसवून बघितलं, तर मित्र झाले. "मग तेच धरलं, वहिनी. एकदा धरलं की सोडता येत नाही. लोक दाराशीच हसायला सुरुवात करतात."

"आणि खाणं?"

"खाताना डोक्यात शांत व्हायचं. चव नाही कळायची मला. आई एवढं जीव ओतून करायची, विचारायची कसं झालंय, मी म्हणायचो फक्कड. काय झालंय तेसुद्धा बऱ्याचदा कळलेलं नसायचं. तेवढं एक शांत व्हायचं ठिकाण होतं, ते ऑपरेशननं बंद झालं." मग डोळे मिटून म्हणाले, "जुळीला सांगा, रस्ता वाईट नाहीये. फक्त एकट्यानं येऊ नको म्हणावं."

सहाव्या दिवशी सकाळी ते गेले. ताईंनी त्यांचा हात धरलेला होता. नर्सनं तो सोडवायला खूप वेळ घेतला, आणि अजिबात घाई केली नाही.

नंतरचे दिवस घरात माणसांची रीघ. स्थानकावरचे ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाला, आगारप्रमुख. दिवाणखान्यात सतरंजी घातलेली, मध्ये सासूबाई. येणारा प्रत्येकजण टेम्पोचा एक विनोद सांगायचा. रडता रडता हसायचे सगळे. "काय हसतमुख माणूस!" कोणीतरी म्हणालं. "दुःख म्हणून माहीत नव्हतं हो त्याला."

"माझा लेक जन्मल्यापासून हसतमुख," सासूबाई म्हणाल्या.

"नव्हता, आई," ताई म्हणाल्या.

आमचे हे म्हणाले, "आता नको गं," पण ताई थांबल्या नाहीत. आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. दाराची चौकट, ओढलेला पडदा, कुंडी. चहावाल्यानं मान खाली घातली. आगारप्रमुखांनी चष्मा काढून हातात धरला. सासूबाई एकेक वाक्याला थोड्या थोड्या खचत गेल्या. मी जाऊन त्यांच्यापाशी बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी माझा हात धरला. माझ्याकडेच वळून विचारलं, कारण भाऊजी शेवटचं मोकळं बोलले ते माझ्याशी, हे त्यांना माहीत होतं.

"मी वाढायचे ते तरी? ते तर आवडीनं खायचा ना गं?"

समोर ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं.

"हो आई," मी म्हटलं. "ते अगदी मनापासून."

ताईंनी नजर खाली वळवली, आणि आईसाठी पाणी आणायला त्या उठल्या.